रंग नंतर, आधी कपडा धुवा

मागच्या अंकात पळसाच्या रंगाबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा गठ्ठाच आला. संपादकांनी तो नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पाठवला, वर चिठ्ठी लावून: "ताई, जमेल तितक्यांना उत्तरं द्या." गेली बावीस वर्षं मी आमच्या गच्चीवर दोन चुली आणि चार गंज मांडून फुलापानांच्या रंगात सुती कापड रंगवते आहे. (नागपूरबाहेरच्यांसाठी: गंज म्हणजे मोठं पातेलं. लोखंडाला चढतो तो गंज वेगळा, त्याचंही पुढे काम पडणार आहे.) सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

सीताबर्डीला एका प्रदर्शनात "शुद्ध नैसर्गिक रंग" म्हणून पिवळा सुती कुर्ता १४०० रुपयांना घेतला. पहिल्याच धुण्यात त्यावर लालसर डाग पडले. विक्रेता म्हणतो, तुमच्या साबणाचा दोष आहे. खरं काय? (एक वाचक, मानेवाडा)

विक्रेता खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. तुमचा कुर्ता हळदीत बुडवलेला आहे. हळदीला खार (सोडा, चुना) लागला की ती लाल होते. हळकुंडाचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. धुण्याची पावडर खारीच असते. वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून डागावर घाला, डाग डोळ्यांदेखत पिवळा होईल. पुढच्या धुण्याला पुन्हा लाल होईल, हेही सांगून ठेवते.

खरा प्रश्न उन्हाचा आहे. हळद सुताला लवकर धरते, पहिल्या दिवशी सोन्यासारखी दिसते, म्हणून नवशिक्याला तिचा मोह पडतो. माझंही पहिलं पाप हळदीचंच. सुरुवातीच्या वर्षी सहा दुपट्टे हळदीत रंगवून गल्लीतल्या बायकांना विकले होते, भाव खाऊन. चैत्राच्या उन्हात दोरीवर वाळत घालून घालून अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांची अशी दशा झाली की घडीच्या आत पिवळे आणि बाहेरून पांढरट. सहाही जणींचे पैसे परत केले. त्यातली एक अजून मला "उडत्या रंगाची बाई" म्हणते.

पुढच्या वेळी पिवळा कपडा घेताना शिवणीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, साबणाचं ओलं बोट लावून बघा. लाल झालं तर हळद. डाळिंबाची सालं, हिरडा, झेंडू यांचा पिवळा असा रंग बदलत नाही. माझ्या पर्समध्ये साबणाची चिपटी असतेच. दुकानदार वैतागतात, वैतागू दे.

शिमग्याला रामटेककडून दोन किलो पळसफुलं आणली. पाणी असं केशरी झालं की काय सांगू! त्यात पांढरा सुती दुपट्टा तासभर उकळला. बाहेर काढला तेव्हा सुंदर होता, पण खळबळला आणि मळकट पांढरा उरला. फुलं कमी पडली का? (एक गृहिणी, खामला. अशीच आणखी नऊ पत्रं)

फुलं कमी पडली नाहीत, ताई. एवढ्या फुलांत दोन दुपट्टे निघाले असते. चुकलं ते फुलं चुलीवर ठेवायच्या आधीच.

आमचे सासरे इथल्याच एका कापड गिरणीच्या रंगखात्यात होते. सगळं आयुष्य डब्यातल्या रंगात गेलं, त्यामुळे माझी फुलंपानं त्यांना पोरखेळ वाटायची. पण एक दिवस मी गंजावर वाकून रंगाकडे बघत बसले होते, तर ते पाण्याचा पेला घेऊन आले आणि बाजूला घडी करून ठेवलेल्या कोऱ्या कापडावर त्यांनी वरून थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा वरच बसला. म्हणाले, "रंग काय पाहून राहिली बाई, कपडा पाह्य आधी. पाणी पिऊन नाही राहिला, तुझा रंग काय पिईन?"

त्यांनी बोट ठेवलं ते इथे. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेण असतं. वरून मागाची खळ. दुकानातून आणलेलं कोरं कापड कितीही शुभ्र दिसो, त्याच्या अंगावर रेनकोट असतो. तो उतरवायला साध्या पाण्यात भिजवून भागत नाही. एक किलो कापडाला मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर चांगलं उकळायचं. खादी किंवा कोरा मांजरपाट असेल तर पाणी चहासारखं होतं; बघून लाज वाटते. ते फेकून पुन्हा एकदा. मग वाळवून थेंब टाकायचा. थेंब पडताक्षणी शोषला गेला तर पुढे जा. टिकून राहिला तर परत चुलीवर.

एवढ्यानंही काम होत नाही, कारण सूत हे रेशमासारखं नाही. रेशीम, लोकर प्राण्यांपासून आलेली, ती रंग आणि तुरटी दोन्ही पटकन धरतात. कापूस झाडाचा, त्याला तुरटीचंही प्रेम नाही आणि पळसाचंही. मध्ये एक मध्यस्थ लागतो. आपल्याकडे तो म्हणजे हिरडा. त्यातलं तुरट द्रव्य सुताला चिकटतं, तुरटी त्या तुरट द्रव्याला चिकटते आणि रंग तुरटीला. साखळीतली एक कडी गाळलीत तर खळबळल्याबरोबर सगळं गटारात.

तुमचा दुपट्टा साधारण १५० ग्रॅमचा असेल. त्याला ३० ग्रॅम हिरड्याची पूड घ्या. इतवारीत जडीबुटीच्या दुकानांत मिळते. अख्खे हिरडे घेऊन कुटलेत तर उत्तम, पण बी फेका. कोमट पाण्यात पूड कालवून, गाळून, दुपट्टा रात्रभर बुडवा. सकाळी पिळा आणि न खळबळता उन्हात वाळवा. हे ठळक करायला मी संपादकांना मुद्दाम सांगितलंय, कारण आपला हात सवयीनं नळाखाली जातोच. वाळलं की २० ते २५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. वाळवा, दोन दिवस पडू द्या, मग हलकं खळबळून रंगात घाला.

फुलं आधी वेगळी शिजवा आणि गाळून घ्या. दुपट्टा पडल्यावर पाणी उकळू देऊ नका. बोट घालून लगेच काढावंसं वाटेल इतपत गरम पुरे. तासभर ढवळा. ढवळायचं सोडून फोनवर बोलत बसलात तर चट्टे पडतील, आणि ते चट्टे मात्र धुतले तरी जात नाहीत! रंगाचा हा स्वभाव मला आजवर कळलेला नाही.

आणि अपेक्षा थोडी खाली आणा. पाण्यातला केशरी सुतावर केशरी उतरत नाही. तुरटीवर पळस पिवळा येतो, मऊसा, आतून तापलेला. होळीला पूर्वी त्यात चुना घालत, त्यानं पाणी नारंगी होतं. पण ते खेळापुरतं. शिवाय पळस उन्हाला फार पक्का नाही. मी तो एकटा वापरत नाही, सोबत डाळिंबाची सालं घालते. रोज रसाच्या दुकानातून पिशवीभर फुकट मिळतात.

जाता जाता: हिरड्यातलं ओलं कापड लोखंडी तारेवर वाळत घालू नका. मी घातलं होतं. पाच मीटरवर मधोमध काळी रेघ, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. ते कापड अजून उन्हाळ्यानंतर आमच्या कूलरवर झाकण म्हणून पडतं.

तसं असेल तर मुद्दाम काळा रंग असाच करता येईल का? (एक वाचक, भंडारा)

असाच करतात. गंजलेले खिळे, बिजागऱ्या, जुना नाल, जे मिळेल ते मडक्यात टाकायचं, गुळाचं पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस दिवस विसरून जायचं. (हा तो दुसरा गंज.) वास येतो. शेजारी विचारतात. हिरड्यातलं वाळलेलं कापड त्या पाण्यात बुडवलं की पिवळट रंगाचा राखी आणि राखीचा काळा होतो, दोन मिनिटांत. बाजारात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, मिळतो, त्यानंही होतं. पण लोखंड जास्त झालं की सूत कुजतं. आज्यांच्या जुन्या लुगड्यांत काळा भागच आधी विरतो, तो यामुळे. म्हणून पातळ पाण्यात दोन-तीनदा बुडवा, एकदाच दाट करू नका, आणि नंतर भरपूर खळबळा.

मोरचुदाबद्दलही तुम्ही विचारलंय. रंग छान गडद करतं, पण त्यातलं तांबं विषारी. माझ्या गच्चीचं पाणी तुळशीला आणि खाली नालीत जातं. मी वापरत नाही. रंगाचे गंज स्वयंपाकात परत आणत नाही, हेही यातच आलं.

आपल्या नागपूरची संत्री! संत्र्याच्या सालींपासून नारंगी रंग का करत नाही? (शाळकरी वाचक, काटोल)

बेटा, केला होता. पाच किलो सालं शिजवली, अख्ख्या वाड्यात मुरंब्याचा वास सुटला आणि कापडावर आला रंग साबुदाण्याच्या पाण्याचा. संत्र्यातलं नारंगी द्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात नाही. बिटाचंही विचारलंयस: ते बोटांवर जितका वेळ टिकतं, त्याहून थोडाच जास्त वेळ सुतावर.

दसऱ्यानंतर मात्र दारोदारची झेंडूची तोरणं उतरवायला जा. दोरा काढ, पाकळ्या सावलीत वाळव. हिरडा-तुरटी केलेल्या कापडावर झेंडू फार गुणी पिवळा देतो. कांद्याची वरची कोरडी सालंही. आणि पावसाळ्यात सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघ, हात रक्तासारखा होईल. त्याचाही तपकिरी-लाल रंग होतो.

आजीकडे लाल खारव्याची एक जुनी गादी होती. ती म्हणायची, "हा आलाचा लाल आहे." आल म्हणजे काय? आता मिळतं का? (एक निवृत्त शिक्षक, उमरेड)

सर, तुमच्या पत्रावर मी एक संध्याकाळ बसून होते.

आल म्हणजे बारतोंडीच्या जातीचं झाड. ज्याचा रस हल्ली "नोनी" नावानं बाटलीत भरून महाग विकतात, तेच घराणं. लाल रंग देणारी मंजिष्ठेची वेलही याच कुळातली आणि गंमत म्हणजे कॉफीसुद्धा. पण आलाचं मोल फळात नव्हतं, मुळांच्या सालीत होतं. एकोणिसाव्या शतकात नागपूर-वऱ्हाडाकडे आल शेतात पिकवत. पेरल्यावर तीन-चार वर्षं थांबायचं, मग खोल खणून मुळं काढायची. जाड मुळात रंग कमी, बारीक मुळांना भाव जास्त, म्हणजे जे काढायला सर्वांत कष्टाचं तेच किमतीचं. कापडाला आधी तेल आणि खार, मग हिरडा, मग तुरटी, मग आल. जाडंभरडं कापड त्यात रंगवलं की झाला खारवा. गाद्यांना, वह्यांच्या बांधणीला तो लागायचा, कारण मळ दाखवत नाही आणि विटत नाही.

मग दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. १८६७ साली रेल्वे नागपुरात पोचली. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतलं लाल द्रव्य, अलिझारिन, कोळशाच्या डांबरापासून तयार करून दाखवलं. काही वर्षांतच तो लाल डब्यातून येऊ लागला, मोजून घ्यायचा, ओतायचा. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथेच सुरू झाली. तीन वर्षं जमीन अडवून मुळं खणणार कोण? आल गेलं. रंगारी हे आडनाव राहिलं.

मिळण्याचं म्हणाल तर बारतोंडीची झाडं आजही दिसतात, पण मूळ काढायचं म्हणजे झाड जाणार. मी तसं करत नाही. लाल हवा असेल तर मंजिष्ठा घ्या, हिरड्याच्याच दुकानात मिळते. ती काड्यांच्या रूपात घ्या, पूड घेऊ नका. पुडीत काय काय दळलेलं असतं ते देव जाणे. तिला उकळी फुटू देऊ नका, नाहीतर लालाचा विटकरी होतो. आणि मुख्य म्हणजे ती गादी. खोळ फाटली असेल, तरी फेकू नका. चार बोटं तुकडा लिफाफ्यात घालून पाठवलात तर मी जपून ठेवीन.

घरी निळा रंग करायला कपड्यांच्या निळीची वीस पाकिटं वापरली. टी-शर्ट फिकट निळा झाला, पण प्रत्येक धुण्यात उतरतो. नैसर्गिक नीळ अशीच असते का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

हे पत्र वाचून मी हसले, माफ कर. पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ म्हणजे रंगवायची नीळ नव्हे, बेटा. ती नुसती डोळ्याला फसवायला असते, पिवळटपणा झाकायला. धुतल्यावर जावी म्हणूनच बनवलेली.

खरी नीळ निळीच्या झुडपाच्या पानांपासून होते आणि तिची वडी पाण्यात विरघळतच नाही. तिला आधी पाण्यात "उतरवावी" लागते. पूर्वी हे काम करणाऱ्यांची वेगळी जातच होती, तिचं नाव "निराळी", तेही निळीवरूनच. चुना आणि तरोट्याचं बी घालून नीळ आंबवायची जुनी रीत आहे. हो, पावसाळ्यात आपण भाजी करतो तोच तरोटा. मी सोपं करते: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ, झाकून, उबेत, दिवसातून एकदा सावकाश ढवळायचं. तयार झाली की पाणी निळं नसतं, हिरवट-पिवळं असतं, वर तांब्यासारखी साय आणि निळा फेस. कपडा आत घालून बाहेर काढला की हिरवा दिसतो आणि हवा लागताच डोळ्यांसमोर निळा होत जातो. बावीस वर्षांत मला याचा कंटाळा आलेला नाही. हिरडा नको, तुरटी नको. पण थेंबाची परीक्षा इथेही. एकदा दाट बुडवण्यापेक्षा सहा वेळा पातळ बुडव. हातमोजे घाल, चुना कातडी सोलतो.

डिसेंबरात माझी नीळ झोपते. इथली थंडी तिला सोसत नाही. मग गंजाला जुनी गोधडी गुंडाळते. घरचे म्हणतात, पोरांना कधी एवढं जपलं नाही.

मी कुर्ते रंगवून विकते. गिऱ्हाईक फोटो बघून मागवतात आणि दुसरी खेप पहिलीसारखी येत नाही. भांडणं होतात. (एक तरुण व्यावसायिक, प्रतापनगर)

पाणी कोणतं वापरता? पत्रात ते लिहिलेलं नाही. माझ्याकडे नळाला पेंचचं पाणी येतं. ते नसलं की शेजारच्या बोअरचं. बोअरचं पाणी जड, चुन्याचं, कधी त्यात लोखंडही. त्याच फुलांचा तोच पिवळा बोअरच्या पाण्यात मळखाऊ होतो. मंजिष्ठेला मात्र थोडं जड पाणी मानवतं. म्हणून एका खेपेला एकच पाणी, ड्रममध्ये साठवून. आणि सगळं कोरड्या कापडाच्या वजनावर, तराजूत. "अंदाजे मूठ" ही भाषा मी दहा वर्षं केली आणि दहा वर्षं भांडले. प्रत्येक खेपेचा एक तुकडा वहीला टाचा, खाली पाणी, वजन, महिना लिहा. टाचणी पितळेची घ्या, लोखंडाची का नको ते वर आलंच आहे.

तरीही थोडा फरक राहणारच. फोटोखाली तसं आधीच लिहा. ज्यांना चालत नाही ते तुमचं गिऱ्हाईक नाहीत, त्यांना गांधीबागेत पाठवा, तिथे हजार मीटर एका छटेत मिळतं.

हे काम प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल? (दोन पत्रं)

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. चरख्यापासून खादीपर्यंत सगळं बघता येतं आणि नैसर्गिक रंगातली खादीही आहे. नागपूरहून सकाळच्या गाडीनं गेलात तर संध्याकाळी घरी. माझ्या गच्चीवर कृपा करून येऊ नका. जिना अरुंद आहे आणि सासूबाईंना झोप लागलेली असते.

नैसर्गिक रंगाची सुती साडी धुताना पहिल्या वेळी पाण्यात रंग उतरला. परत करावी का? (एक वाचक, धरमपेठ)

आधी पाणी बघा. साडीवर न चिकटलेला रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत निघतो, निळीचा तर हमखास. तिसऱ्या धुण्यालाही पाणी तसंच रंगीत असेल, तर करा परत. तोवर रिठ्याच्या पाण्यात, एकटीच धुवा, भिजत ठेवू नका, सावलीत उलटी करून वाळत घाला. रिठे नसतील तर केस धुण्याचा साधा शांपू चालतो, चमचाभर. लिंबू मात्र कडेला ठेवा, फिकट डागावर पिळायची घाई करू नका: हळदीला ते तारतं, पण लोखंडाच्या काळ्या-राखी रंगाला खाऊन टाकतं. तुमच्या साडीचे काठ राखी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय.